किंमत झाकल्यावर उरणारी चव

इसवी सन १८५५ मध्ये युरोपात वाइनविषयी दोन दस्तऐवज तयार झाले. पहिला फ्रान्समधील बोर्दो शहरात. त्या वर्षी पॅरिसला भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीला बोर्दोच्या वाइनची प्रतवारी हवी होती. स्थानिक व्यापारी मंडळाने ते काम दलालांकडे सोपवले आणि १८ एप्रिल रोजी दलालांनी यादी सादर केली. दुसरा दस्तऐवज बेलफास्टच्या जेम्स थॉमसन या अभियंत्याचा, लॉर्ड केल्व्हिन यांच्या थोरल्या बंधूंचा, शोधनिबंध होता. पेल्याच्या आतल्या भिंतीवरून वाइन आपोआप वर का चढते आणि मग आसवांसारखी ओघळून खाली का येते, एवढाच त्याचा विषय.

थॉमसन यांचे उत्तर आजही जसेच्या तसे उभे आहे. काचेवर चढलेल्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडून जाते. उरलेल्या थरात पाण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे त्याचा पृष्ठताण वाढतो आणि तो खालची वाइन वर ओढतो. वजन पेलवेनासे झाले की थेंब ओघळतो. ‘वाइनचे पाय’ म्हणून ज्या रेषांकडे पाहत जाणकार मान डोलावतात, त्या अल्कोहोलच्या प्रमाणाची वर्दी देतात, प्रतीची नव्हे. हे १८५५ सालीच छापून झाले होते. तरीही पेला उजेडात धरून पायांवरून दर्जा सांगणारे महाभाग आजच्या मेजवान्यांतही भेटतात.

दलालांच्या यादीचे भाग्य मात्र वेगळे निघाले. त्या यादीसाठी कोणी एक घोटही चाखला नव्हता. वर्षानुवर्षे कोणत्या मळ्याच्या वाइनला बाजारात किती भाव मिळाला, याच्या नोंदी दलालांच्या वह्यांत होत्या. त्यांवरून पाच श्रेण्या पाडल्या गेल्या. हा तर्क अगदीच पोकळ नव्हता. अनेक वर्षे अनेक खरीदार जास्त पैसे मोजत असतील तर त्यामागे काही कारण असणारच. परंतु एकदा यादी छापली गेल्यावर कार्यकारणाची दिशा उलटली. आधी चवीमुळे भाव होता, नंतर भावामुळे चव जाणवू लागली. वरच्या श्रेणीत बढती मिळण्याचा प्रसंग त्यानंतर एकदाच आला, १९७३ साली, शातो मूतों रॉतशिल्डला. मधल्या ११८ वर्षांत मालक बदलले, वेली बदलल्या, हवामान बदलले. यादी बदलली नाही.

या यादीतील बहुतेक सर्व लाल वाइन मिश्रणे होती आणि आहेत. ‘ब्लेंड’ म्हटले की आपल्याकडे भेसळीचा वास येतो. दुकानात परवडणारी काबर्ने-शिराझ उचलताना ‘ही शुद्ध नाही ना?’ असे विचारणारे ग्राहक दिसतात. इतिहास याच्या नेमका उलट आहे. बोर्दोला अटलांटिकचे दमट हवामान. वसंतात दहिवर पडले तर लवकर अंकुरणारी मेर्लो मार खाते. सुगीच्या तोंडावर पाऊस आला तर उशिरा पिकणारी काबर्ने सोव्हिन्यों कच्ची राहते. दोन्ही लावणारा शेतकरी एकाच वर्षात सहसा दोन्हीकडून बुडत नाही. कोरडवाहू शेतकरी ज्या हिशेबाने ज्वारीत तूर पेरतो, त्याच हिशेबातून जगातल्या सर्वांत महाग वाइनची घडण झाली. एकोणिसाव्या शतकात तर बोर्दोचे व्यापारी अशक्त वर्षाच्या वाइनमध्ये पूर्वेकडील एर्मिताजची सिरा, म्हणजेच शिराझ, मिसळून तिला अंग देत, आणि अशा वाइनला गिऱ्हाईकही असे. आज स्वस्त समजली जाणारी काबर्ने-शिराझची जोडी अशी जुन्या घराण्यातली आहे.

आणि ‘शुद्ध’ काबर्ने तरी कुठे शुद्ध? १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनएच्या खुणा ताडून दाखवले की काबर्ने सोव्हिन्यों ही काबर्ने फ्रां ही काळी जात आणि सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी जात यांच्या संकराची लेक आहे. कोणा मळ्यात वाऱ्याने वा कीटकाने उडवलेल्या परागाची ही करणी. कच्च्या काबर्नेला येणारा भोपळी मिरचीचा वास दोन्ही पालकांकडून आलेला आहे. त्यामागचे मिथॉक्सिपायरझिन हे द्रव्य पाण्याच्या एक लाख कोटी भागांत दोन भाग असले तरी नाकाला कळते. एवढ्या तोकड्या पुराव्यावर निवाडा देणारे इंद्रिय आपल्याजवळ आहे. प्रश्न असा, की त्याची साक्ष कितपत खरी धरायची?

या साक्षीची उलटतपासणी कशी घ्यावी, याची रीत वाइनच्या नव्हे, चहाच्या पेल्यातून आली. १९२० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषिसंशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालशास्त्रज्ञ बाईंनी सांगितले, की कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून ओळखता येते. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पुढे १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ या ग्रंथात त्यावरून एक आदर्श प्रयोग रचला. आठ कप, चार एका तऱ्हेचे, चार दुसऱ्या, क्रम यादृच्छिक. आठातून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत. म्हणजे निव्वळ अंदाजाने सर्व कप बरोबर येण्याची शक्यता ७० त १. हसण्यावारी नेता येण्यासारख्या दाव्याला फिशर यांनी हसूनही सोडले नाही आणि मानही डोलावली नाही, हे मला त्या प्रकरणातले सर्वांत मोठे शहाणपण वाटते.

इथून पुढचा एक मोठा दुवा कोलकात्यात आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेत राजचंद्र बोस यांनी १९३९ साली संतुलित अपूर्ण गटरचना पद्धतशीरपणे घडवण्याच्या रीती मांडल्या. त्या संशोधनाचा रोख शेतीच्या प्रयोगांकडे होता, पण चव पारखणाऱ्यांची अडचण तिने अलगद सोडवली. लाल वाइनमधील टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते. प्रत्येक घोटागणिक तोंडातील तुरटपणा साचत जातो. पाच-सहा पेल्यांनंतर जीभ निष्पक्ष राहत नाही. मग सात वाइनची तुलना कशी करावी? सात माणसे घ्या आणि प्रत्येकाला तीनच पेले द्या. पहिल्याला १, २, ४ क्रमांकाच्या वाइन; दुसऱ्याला २, ३, ५; तिसऱ्याला ३, ४, ६; असे एकेक पुढे सरकत जा, सातानंतर पुन्हा एक. कागदावर मांडून पाहा: प्रत्येक वाइन तीन वेळा चाखली जाते आणि कोणत्याही दोन वाइनची गाठ कोणत्या तरी एकाच परीक्षकाकडे, नेमकी एकदा पडते. कोणाची जीभ थकत नाही, कोणा वाइनवर अन्याय होत नाही. पेल्यांच्या क्रमाचा परिणाम धुऊन काढायला वापरतात तो लॅटिन चौरस. त्याच चौरसांच्या कुळातील ऑयलरचे एक अनुमान १९५९ साली बोस, पार्कर आणि शरच्चंद्र श्रीखंडे या त्रयीने खोटे ठरवले. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले.

वाइनकडे ही शिस्त नेली डेव्हिसच्या प्राध्यापकांनी. १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठली तेव्हा तिथला उद्योग जवळजवळ नव्याने उभा राहायचा होता. दोष ओळखायला मेनार्ड अमेराइन आणि सहकाऱ्यांनी २० गुणांची पत्रिका तयार केली. स्वच्छता, रंग, वास, आम्लता, तुरटपणा यांचे वेगवेगळे गुण. ‘थोर’, ‘राजस’ असल्या विशेषणांना जागा नाही. १९८४ साली तिथल्याच अ‍ॅन नोबल यांनी गंधचक्र प्रसिद्ध केले, ज्यात वासांना फळ, मसाला, लाकूड, माती अशी घरची नावे मिळाली.

या दोहोंच्या मधल्या काळात, २४ मे १९७६ रोजी, पॅरिसमध्ये वाइन विकणाऱ्या स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने एक चाचणी भरवली. नऊ फ्रेंच परीक्षक, लाल वाइन दहा, त्यांपैकी सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार बोर्दोच्या, बाटल्या झाकलेल्या. पहिली आली स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची काबर्ने. तिच्या वेली जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. तिने ज्यांना मागे टाकले त्यांत १८५५ च्या यादीतली बडी घराणी होती. निकाल ऐकल्यावर एका परीक्षिकेने आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परिअर यांनी ती दिली नाही. ही गोष्ट फ्रान्सचा पराभव म्हणून सांगितली जाते. ते मला पटत नाही. पहिल्या काही वाइनच्या सरासरी गुणांतला फरक इतका नगण्य होता, की दुसऱ्या दिवशी तेच नऊ जण बसले असते तर क्रम बदलला असता. त्या दिवशी हरला तो डोळ्यांनी वाचलेल्या नावाचा जिभेवरचा ताबा.

तो ताबा किती खोल असतो हे पुढच्या पिढीने मोजले. २००१ साली मोरो, ब्रोशे आणि द्यूबुर्द्यू यांनी बोर्दोत वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली. लाल पेल्यासाठी विद्यार्थ्यांनी लाल वाइनचीच शब्दसंपदा वापरली. ‘तज्ज्ञांना लाल-पांढऱ्यातला फरक कळत नाही’ अशी बातमी यावरून वर्षानुवर्षे फिरते आहे, ती चुकीची आहे. ते विद्यार्थी होते, आणि ‘ही लाल की पांढरी’ असे त्यांना विचारलेच नव्हते. वासाला शब्द द्या, एवढेच सांगितले होते. प्रयोगाने दाखवले ते अधिक रोचक आहे: वासाचे शब्द आपण नाकाने निवडत नाही, डोळ्यांनी निवडतो.

किंमतीचे तसेच. २००८ साली हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी २० जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून नळीने काबर्ने पाजली. पाच वेगळ्या वाइन आहेत असे सांगितले, होत्या तीनच. ५ डॉलरची वाइन एकदा ५ आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून दिली. ९० ची एकदा १० ची म्हणून. महाग म्हणून दिलेला घोट लोकांना अधिक आवडला. पण ते केवळ भिडेखातर बोलत होते असे नाही. सुखाची नोंद घेणाऱ्या मेंदूच्या भागातील हालचालही खरोखर वाढली होती. चवीची प्राथमिक नोंद घेणाऱ्या भागात मात्र असा फरक दिसला नाही. महाग वाइनचे सुख ढोंग नसते; ते फक्त वाइनमधून आलेले नसते.

त्याच वर्षी रॉबिन गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी किंमत झाकून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक आस्वादांचा हिशेब मांडला. सामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडल्या. प्रशिक्षितांमध्ये कल थोडासा उलट होता. प्रशिक्षण निरर्थक नाही, हे त्यातून दिसते. पण तज्ज्ञांनाही मर्यादा आहेत. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाचा स्वतःचा छोटा वाइन-व्यवसाय होता. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसरीत काहीच नाही, हे कोडे त्यांना सुटेना. कॅलिफोर्निया राज्य मेळ्यातील परीक्षकांना त्यांनी एकाच बाटलीतली वाइन इतर पेल्यांत मिसळून तीनदा दिली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या मर्यादेत गुण देणारे परीक्षक दहांत सुमारे एक निघाले.

हे सारे भारतीय वाचकाच्या कामाचे आहे, कारण आपल्याकडे बाटलीवरची किंमत वाइनविषयी इतर देशांपेक्षाही कमी सांगते. आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या, २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या करारात सवलत मिळाली ती किमान ५ डॉलर आणि १५ डॉलर किमतीच्या बाटल्यांना. त्याखालची स्वस्त बाटली पूर्ण शुल्क भरत राहिली. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने प्रत्येक राज्याचे उत्पादनशुल्क निराळे, आणि एकच बाटली मुंबई, बेंगळुरू व दिल्लीत तीन भावांनी विकली जाते. अशा किंमतीला गुणवत्तेचे माप समजणे म्हणजे टोलनाक्याच्या पावतीवरून गाडीचा वेग काढणे.

भारतात काबर्ने आणि शिराझ यांची जोडी जमली त्यालाही कारण आहे. कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच जाती रुजवल्या आणि बोर्दोचे मिशेल रोलां यांच्या सल्ल्याने काबर्ने-शिराझचे ‘ला रिझर्व्ह’ आकाराला आले. इकडे नाशिक, सांगली, सोलापूरच्या मळ्यांत वर्षातून दोनदा छाटणी करून द्राक्षाची सुगी उन्हाळा चढण्याआधी उरकावी लागते. ऊन भरपूर, साखर भराभर चढते आणि आम्लता घसरते. काबर्ने चौकट देते, म्हणजे तुरटपणा आणि काळ्या मनुकांचा वास. पण घोटाच्या मध्यावर ती पोकळ वाटते. शिराझ ती पोकळी गराने भरते. पॅरिसचे ते स्परिअरही अखेरच्या काळात आपल्याकडे आले होते: अकलूजच्या फ्रातेल्लीसाठी पिएरो मासी यांच्यासह त्यांनी ‘एम/एस’ नावाची वाइन घडवली.

आता प्रत्यक्ष घोट. आधी एक गोष्ट स्पष्ट असावी: मद्य हे कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात नोंदलेले आहे. व्यावसायिक परीक्षक चाखून थुंकतात, आणि कायद्याने वय न झालेल्यांनी किंवा न पिणाऱ्यांनी पुढचा सगळा प्रयोग कोऱ्या चहावर करावा. तो तितकाच चालतो. वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला युरोपातल्या १६ ते १८ अंशांच्या खोलीचा आहे. मे महिन्यातल्या पुण्या-नागपूरच्या खोलीत लाल वाइनमधून अल्कोहोलची वाफच नाकात जाते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्याने स्वस्त वाइनचे जितके भले होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही. पेला तिसरा हिस्साच भरावा, हलवण्यापूर्वी एकदा हुंगावा आणि हलवून पुन्हा. घोट तोंडात फिरवताना तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. आंबटपणाने गालांच्या आतून लाळ सुटते. अल्कोहोलची ऊब घशाशी लागते. तुरटपणा हिरड्यांवर बसतो, जांभूळ खाल्ल्यावर बसतो तसा. आयुर्वेदाने त्याला कषाय म्हणून सहा रसांत स्थान दिले. आधुनिक शरीरशास्त्र त्याला बव्हंशी स्पर्शाची संवेदना मानते. चांगल्या स्वस्त मिश्रणात या तिन्हींपैकी कोणी दुसऱ्याच्या अंगावर ओरडत नाही, आणि गिळल्यावर वा थुंकल्यावर फळाची चव काही क्षण मागे राहते. महाग वाइनमध्ये ती अधिक रेंगाळते, थर अधिक असतात. तो फरक काल्पनिक नाही. तो किंमतीच्या पटीत नसतो, इतकेच.

शिराझमधला काळ्या मिरीचा वास मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. २००८ साली ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचे मूळ रोटंडोन नावाच्या द्रव्यात शोधले. मिरीतही तेच असते. तपासलेल्या लोकांपैकी सुमारे पाचांत एकाला ते कितीही वाढवले तरी कळेना. तेव्हा चौघे ‘मिरी, मिरी’ म्हणत असताना पाचव्याला काहीच जाणवले नाही तर तो अरसिक ठरत नाही. त्याच्यासाठी ती खरोखरच वेगळी वाइन असते.

स्वतःची साक्ष तपासायची असेल तर १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत घडलेली त्रिकोणी चाचणी घरी करता येते. एक परवडणारी आणि एक महाग काबर्ने-शिराझ घ्या. दुसऱ्या कोणाला तीन सारखे पेले भरायला सांगा, दोहोंत एक आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला तुम्ही ओळखायचा. कोणती चांगली ते विचारायचे नाही, कोणती वेगळी एवढेच. असे सहा वेळा, मध्ये साधी भाकरी किंवा पाव आणि पाणी घेऊन, दर वेळी क्रम बदलून. प्रत्येक खेपेला अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. सहापैकी पाच किंवा सहा उत्तरे केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ७२९ त १३, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. तेवढी आली तर जीभ खरोखर फरक ओळखते आहे असे धरायला हरकत नाही. किमान चार येण्याची शक्यता मात्र दहा टक्क्यांच्या घरात आहे. नेमकी चार आली तर बाटल्या पुन्हा झाकून ठेवाव्यात, आणि पेले भरणाऱ्याने उत्तरे न सांगता दुसऱ्या दिवशी आणखी सहा खेपा घ्याव्यात.